एका वाचनालयाचा डेस्कटॉप: कोरेगावपासून जतपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं एक क वर्गातलं वाचनालय. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान पुस्तकं, नियतकालिकं आणि पगार यांतच संपतं. संगणकासाठी म्हणून वेगळा पैसा कधी निघत नाही. जे आठ संगणक आहेत ते सगळे देणगीतले. सहा टेबलावरचे: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, सतरा इंची चौकोनी मॉनिटर. उरलेले दोन छोटे नेटबुक, ॲटम एन २७० चे.

येणारी माणसं तीन तऱ्हेची. एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, प्रवेशाचे आणि दाखल्यांचे फॉर्म भरायला आलेले पालक, आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी. यातल्या कुणालाही लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, हवी नव्हती. त्यांना संगणक चालू हवा होता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि किमान चार जीबी रॅम लागते, म्हणजे या आठांपैकी एकही पात्र नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव आला की हे भंगारात काढावेत आणि नव्यासाठी देणगीदार शोधावा. मी साताऱ्यात संगणक दुरुस्ती करतो आणि या वाचनालयाची देखभाल माझ्याकडे असते. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा, असं मी सांगितलं. आधार कार्ड आणि जातीचे दाखले उघडले जातात त्या संगणकांवर अपडेट बंद झालेली प्रणाली ठेवणं मला मान्य नव्हतं. आणि चालणारी यंत्रं भंगारवाल्याला देणंही मान्य नव्हतं.

काय निवडलं

आठही संगणकांवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) बसवलं. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्येच आली होती, पण तिच्यात ३२ बिट, म्हणजे जुन्या बांधणीच्या, संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) नाही. एन २७० हा ३२ बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे नेटबुक तिथं बाहेर पडतात. एका खोलीत दोन आवृत्त्या ठेवल्या की ग्रंथपाल ताईंना प्रत्येक गोष्ट दोनदा लक्षात ठेवावी लागली असती. बाराव्या आवृत्तीला जून २०२८ पर्यंत दीर्घ मुदतीचा आधार आहे, तेवढा वेळ पुरेसा होता.

डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग, म्हणून टेबलावरच्या सहा संगणकांना एक्सएफसीई ४.१८ आणि नेटबुकांना आइसडब्ल्यूएम. एलएक्सक्यूटी या आणखी एका डेस्कटॉपचाही विचार केला होता, आणि हलकेपणात ते कमी नाही. एक्सएफसीई घेण्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या बहुतेक सेटिंग साध्या एक्सएमएल फायलींत, एका फोल्डरात बसतात. ज्या गोष्टीत आपण हात घालणार आहोत ती वाचता यावी, उघडून दुसऱ्याला दाखवता यावी, हे मला पाच-पन्नास एमबी रॅम वाचवण्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. तसंही दोन जीबीच्या संगणकावर रॅम डेस्कटॉप खात नाही, ब्राउझर खातो. चार-पाच टॅब उघडले की डेस्कटॉप कोणता आहे याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून खरी डागडुजी तिथं केली: झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅममधला न वापरलेला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवला जातो आणि हार्ड डिस्कवर धाव घ्यावी लागत नाही. फायरफॉक्सला पॉलिसी फाइल लावून जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन आधीच बसवलं. विंडोच्या सावल्या आणि पारदर्शकपणा बंद केला. कार्यकारिणीने थोडे पैसे मंजूर केले तेव्हा ते रॅमवर न घालता जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोट्या एसएसडी घालण्यावर घातले. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर जुन्या संगणकात मी दर वेळी एसएसडीच सांगेन.

एक गोष्ट योगायोगाने पदरात पडली. या सगळ्या मदरबोर्डांवरचे घड्याळाचे सेल संपलेले. लाइट गेली की तारीख पंधरा-सोळा वर्षं मागे जायची, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणून अडून बसायचा. लोकांना वाटायचं इंटरनेट बिघडलं. डेबियनमध्ये वेळ जुळवणारी जी सेवा असते ती शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवते आणि चालू होताना घड्याळ निदान तिथवर पुढे ढकलते. नेट नसलं तरी तारीख कालची किंवा परवाची असते, २००९ ची नसते. सेल तरीही बदलले. ते स्वस्त असतात.

अक्षरं

इथं सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि गेला ते योग्यच झालं.

पहिला आक्षेप ग्रंथपाल ताईंचा. मेनू मराठीत आल्यावर त्या स्क्रीनजवळ जाऊन म्हणाल्या, “सर, हा श आपला न्हाई. ल बी आपला न्हाई.” बरोबर होतं. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल मराठीसाठी ठरवून दिलेला आहे, पण देवनागरी फाँटमध्ये पहिल्याने दिसणारी वळणं बहुधा हिंदीची असतात. मराठीची वळणं त्याच फाँटच्या आत असू शकतात, ती भाषा सांगितल्यावर बाहेर येतात. प्रणालीची भाषा मराठी-भारत अशी ठेवली की मेनू, फायलींची नावं, लिबरऑफिस हे बऱ्याच अंशी सुधारतं. ब्राउझरमध्ये मात्र पान स्वतःची भाषा काय सांगतं त्यावर सगळं अवलंबून असतं आणि कित्येक पानं काहीच सांगत नाहीत. म्हणून फाँटच्या पसंतीची एक छोटी फाइल लिहिली, लोहितचा खास मराठीसाठीचा फाँट मिळतो तो क्रमात वर आणला. पेपर वाचणाऱ्या आजोबांना यातलं काही सांगावं लागलं नाही.

दुसरी अडचण चिवट होती. देवनागरी दहाच्या मापात वाचता येत नाही म्हणून सगळीकडे तेराचं माप केलं. लगेच खिडक्यांच्या वरच्या पट्टीत, जिथं फायलीचं नाव दिसतं तिथं, अक्षरांचं डोकं कापलं जाऊ लागलं. ‘अर्जांची कागदपत्रं’ नावाचं फोल्डर उघडलं की रफार जायचा, अनुस्वार जायचा. आणि हे फोल्डर दिवसात सगळ्यात जास्त वेळा उघडलं जायचं.

एक्सएफसीईत ही पट्टी किती उंच असावी हे फाँट ठरवत नाही. पट्टी चित्रांच्या तुकड्यांची बनलेली असते आणि त्या चित्राची उंची हीच पट्टीची उंची. रोमन लिपीला मध्यम मापात ती पुरते. सोबत मोठ्या पडद्यांसाठीची जाड पट्टीची थीम येते, पण चौकोनी सतरा इंची पडद्यावर ती फार जागा खाते. म्हणजे मधली उंची आपणच बनवायची.

ही चित्रं एक्सपीएम नावाच्या स्वरूपात असतात, आणि एक्सपीएम ही साधी मजकुराची फाइल आहे. सुरुवातीच्या ओळीत चार आकडे: रुंदी, उंची, रंग किती, आणि एका ठिपक्याला किती अक्षरं. त्याखाली रंगांची यादी, कुठलं अक्षर म्हणजे कुठला रंग. त्याखाली चित्र, ठिपक्यांच्या एका रांगेला अक्षरांची एक ओळ. पट्टी चार ठिपक्यांनी उंच करायची तर मधली एक ओळ चारदा पुन्हा लिहायची आणि वरच्या आकड्यात चार मिळवायचे. असं पट्टीच्या पाचही तुकड्यांना आणि दोन्ही कोपऱ्यांना, चालू खिडकीच्या आणि मागे असलेल्या खिडकीच्या अशा दोन्ही संचांना. चित्र काढायचं कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता, फक्त मजकूर लिहायच्या साधनात. थीमच्या दुसऱ्या एका फाइलीत अक्षरं त्या पट्टीत किती वर किंवा खाली बसावीत याची ओळ असते, तीही जुळवली. मग ‘अर्जांची’ पूर्ण दिसू लागलं.

ग्रंथपाल ताई हे शेजारी बसून बघत होत्या. कोपऱ्यांच्या फायली त्यांनी केल्या.

वाचकाचं खातं

टायपिंगसाठी तीन कीबोर्ड ठेवले: इनस्क्रिप्ट, टायपिंग क्लासला जाणाऱ्यांसाठी रेमिंग्टन, आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांसाठी उच्चाराप्रमाणे चालणारा. कीबोर्डवर इनस्क्रिप्टचे स्टिकर लावले. अभ्यासाच्या पोरांसाठी किविक्स बसवून त्यात मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला. पावसाळ्यात आमच्याकडे नेट दिवसदिवस जातं, तेव्हा तोच चालतो. ब्राउझरचं पहिलं पान मराठी विश्वकोशाचं. त्याचं काम ज्या वाईतून चालत आलं ती आमच्याच जिल्ह्यातली, आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्यातल्या नोंदी विकिपीडियापेक्षा जास्त उपयोगी पडतात असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात जपून केलेली गोष्ट म्हणजे सफाई. फॉर्म भरून लोक निघून जातात आणि डाउनलोडमध्ये आधारची पीडीएफ, मार्कलिस्ट, बँकेच्या पासबुकाचा फोटो तसाच राहतो. पुढच्या माणसाला तो आयता मिळतो. म्हणून ‘वाचक’ नावाचं एकच खातं ठेवलं, आणि कुणीही बाहेर पडलं की लॉगिनचा पडदा सांभाळणारं लाइटडीएम एक छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवतं. ती त्या खात्याचं घर, म्हणजे त्याच्या सगळ्या फायलींचं फोल्डर, पूर्ण रिकामं करते आणि नमुन्याच्या फोल्डरातून नवं भरते. इतिहास, पासवर्ड, फायली, काही मागे राहत नाही. पुढचा माणूस बसतो तेव्हा डेस्कटॉप पहिल्या दिवसासारखा असतो.

यावर अभ्यासिकेतल्या एका मुलीने रास्त प्रश्न विचारला, “दादा, मग माझ्या नोट्स?” तिच्याकडे पेनड्राइव्ह नव्हता. त्यासाठी घराबाहेर ‘माझं काम’ नावाचं एक सामायिक फोल्डर केलं. त्यातली सात दिवस कुणी हात न लावलेली फाइल आपोआप निघते. ते सगळ्यांना दिसतं, म्हणून त्यात कागदपत्रं ठेवू नका अशी सूचना डेस्कटॉपच्या चित्रावरच लिहिली. ही तडजोड आहे. नोट्स वाचवायच्या तर थोडा उघडेपणा येतो, आणि कुणाला त्यात आधार ठेवायचंच असेल तर ते थांबवता येत नाही. ताई रोज संध्याकाळी त्यात एकदा डोकावतात.

शिवाय पॅनेल (मेनूचं बटण असलेली पडद्याच्या कडेची पट्टी) आणि कीबोर्डची यादी या दोन्हींना कुलूप लावलं. एक्सएफसीईत सेटिंगच्या फाइलीतच तशी सोय आहे, रूट, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाचं खातं, सोडून कुणाला ती बदलता येत नाही. उजवं बटण दाबून पॅनेलच काढून टाकलं आणि मग हाक मारली, असं फार होत होतं.

जतहून आलेला फोन

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कर्नाटकच्या हद्दीलगत एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक संध्याकाळी गावातलं वाचनालय सांभाळतात. कोरेगावला त्यांची बहीण दिली आहे. तिच्याकडे आलेले असताना त्यांनी आमचं वाचनालय पाहिलं. आठवड्याने फोन आला.

“सर, आमच्याकडं पण असलेच पाच डबडे पडून हायत. तुमची ती पूर्ण कॉपी पेनड्राइव्हवर द्या की. आम्ही टाकतो.”

क्लोनझिला वापरून एका संगणकाची हुबेहूब प्रत काढणं अवघड नाही. तरी मी ती देणार नाही म्हणालो, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून कारणं सविस्तर सांगितली. त्या प्रतीत आमच्या वायफायचा पासवर्ड आहे. सभासदांची यादी आहे, त्यांच्या फोन नंबरांसह. प्रत्येक बसवणीला जी एकमेव ओळख-संख्या असते ती पाचही संगणकांवर सारखी होईल. आणि त्यात एका प्रिंटरचा असा ड्रायव्हर आहे जो खुला नाही. तो आपण वापरू शकतो, वाटू शकत नाही.

ही कारणं खरी होती, पण त्यामागे आणखी एक होतं आणि तेच मोठं आहे. हुबेहूब प्रत घेणाऱ्याला ती कशी बनली हे कळत नाही. त्यांच्याकडे काही अडलं तर ते मला फोन करणार, मी साताऱ्यातून काय सांगणार, आणि सहा महिन्यांत ते पाच संगणक पुन्हा कपाटाआड जाणार. केरळच्या शाळांत काईट ग्नू लिनक्स तयार स्वरूपातच दिलं जातं, ते बरोबर आहे, कारण त्यामागे प्रशिक्षण देणारी आणि अडचण सोडवणारी एक पूर्ण सरकारी यंत्रणा आहे. आमच्यामागे कुणी नाही. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांनी एकमेकांना तयार वस्तू देऊन भागत नाही, त्यामागचा विचार द्यावा लागतो.

मग सगळं काम सुटं केलं. लागणाऱ्या पॅकेजची यादी एक. सेटिंगच्या फायली एका फोल्डरात. त्या जागेवर नेऊन ठेवणारी एकच शेल स्क्रिप्ट, जी वाचून समजेल इतकी सरळ. आणि प्रत्येक बदलासोबत ‘का’ नावाची एक मजकुराची फाइल, साध्या मराठीत. पट्टी उंच का केली. घर दर वेळी का पुसतो. सात दिवसच का. कुलूप का लावलं, ते काढलं तर काय होईल. नमुन्याला एक देतो:

‘पॅनेलला कुलूप. वाचक चुकून उजव्या बटणाने पॅनेल काढून टाकतात आणि मग त्यांना काहीच सापडत नाही. बाहेर पडून परत आलं की पॅनेल परत येतं, कारण घर पुसलं जातं. म्हणजे कुलूप फक्त बसलेल्या वेळेपुरतं आहे. तुमच्याकडे शेजारी मदतीला माणूस असेल तर काढा.’

या फायली लिहायला सेटिंग करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एक-दोन ठिकाणी ‘का’ लिहायला बसल्यावर कारणच सापडेना, तेव्हा तो बदल काढून टाकला.

परवान्याचा प्रश्न यानंतर आला, आणि तो टाळून चालत नाही. नुसतं ‘घ्या, वापरा’ म्हटलं की कायद्याने घेणाऱ्याच्या हातात ठोस काही पडत नाही. खिडकीच्या पट्टीची चित्रं मुळात एक्सएफसीईची, त्यांना जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी किंवा पुढची आवृत्ती लागू आहे. आमची बदललेली पट्टीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते आणि दिली. स्क्रिप्टला जीपीएल ३. ‘का’च्या फायलींना क्रिएटिव्ह कॉमन्सचा नाव-द्या-आणि-तसंच-वाटा हा परवाना. फाँट आम्ही सोबत दिलेच नाहीत, ते डेबियनमधूनच उतरतात, म्हणजे त्यांचा प्रश्न येत नाही. प्रिंटरच्या ड्रायव्हरबद्दल फक्त एवढंच लिहिलं की तो कुठला लागतो आणि तुमचा तुम्ही घ्या.

सगळ्यात लांबलेली चर्चा डेस्कटॉपच्या चित्राची. जरंडेश्वरच्या डोंगराचा पावसाळ्यातला फोटो, गावातल्याच एका पोराने काढलेला. वाचनालयात लावायला तो कधीच हो म्हणाला होता. पण खुला द्यायचा म्हटल्यावर त्याने विचारलं, “म्हणजे कुणी कॅलेंडरवर छापून विकला तर?” नाव-द्या-आणि-तसंच-वाटा या परवान्यात विकता येतं, नाव मात्र द्यावं लागतं, आणि त्यावर काही बदल करून वाटलं तर तेही खुलंच ठेवावं लागतं. मी त्याला हे असंच सांगितलं. व्यापारी वापराला मनाई करणारा परवानाही असतो, पण डेबियनच्या कसोटीत तो मुक्त ठरत नाही आणि पुढे कुणाला हे काम डेबियनमध्ये घ्यायचं झालं तर चित्र अडकतं. त्याने दोन दिवसांनी स्वतःच तोड काढली. पडद्याला पुरेल एवढी छोटी प्रत खुली दिली, छपाईला लागणारी मोठी स्वतःकडे ठेवली. यापेक्षा चांगला मार्ग मला सुचला नसता.

काम कोडबर्ग या खुल्या कामांच्या संकेतस्थळावर ठेवलं. बर्लिनची ना-नफा संस्था ते चालवते. ठेवण्याआधी प्रत्येक फाइल ताईंनी आणि मी शेजारी बसून वाचली, कारण तिथं वापरल्या जाणाऱ्या गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, एकदा गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या नोंदीत शिल्लक राहतो.

जतला काय झालं

जतच्या त्या शिक्षक सरांनी एका रविवारी पाचही संगणकांवर डेबियन बसवलं, स्क्रिप्ट चालवली. दोन ठिकाणी अडले, फोनवर सुटलं. मग म्हणाले, “चालतंय. पण आमच्याकडं कन्नड बी लागतंय सर. निम्मी पोरं घरात कन्नडच बोलत्यात.”

जतच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड बोलली जाते हे मला माहीत होतं, पण सेटिंग करताना माझ्या डोळ्यांसमोर कोरेगावच होतं. कीबोर्डच्या यादीला कुलूप, त्यामुळे चौथा कीबोर्ड जोडता येईना. सरांनी ‘का’ची फाइल उघडली, कुलूप कशासाठी आहे ते वाचलं, आणि मला न विचारता ते काढलं. कारण संध्याकाळभर ते स्वतः खोलीत असतात. कन्नड कीबोर्ड आणि फाँट घातले. ‘माझं काम’ हे फोल्डर त्यांनी काढूनच टाकलं. त्यांचे वाचक शाळेतली लहान मुलं, एकमेकांच्या फायली उडवणारच. शाळेकडे पेनड्राइव्ह होते, ते त्यांनी मुलांना नावं घालून दिले. आमची तडजोड त्यांना लागू नव्हती, आणि ती तडजोड आहे हे लिहिलेलं होतं म्हणून त्यांना ते लगेच कळलं.

मग खिडकीच्या पट्टीचा घोळ त्यांच्याकडे उलट्या बाजूने आला. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लटकतं. ‘पुस्तक’ हा शब्द कन्नड लिपीत लिहिला तर त हा स च्या खाली बसतो. रफार-अनुस्वाराला जागा मिळावी म्हणून आम्ही अक्षरं पट्टीत खाली सरकवली होती. तिथं खालची व्यंजनं कापली गेली. सरांनी एक्सपीएमबद्दल लिहिलेलं वाचून आणखी दोन ओळी वाढवल्या, अक्षरं थोडी वर घेतली आणि बदललेल्या फायली मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. सोबत एका खिडकीचा फोटो, नाव मराठीत, आणि एक फोटो, नाव कन्नडमध्ये. दोन्ही पूर्ण दिसत होती.

त्या फायली मी कोरेगावला लावून पाहिल्या. आमचे ‘हृ’, ‘द्रू’, ‘कृ’ यांच्या खालचे फराटेही त्या दोन ओळींमुळे मोकळे झाले. पट्टी दोन ठिपक्यांनी जाड झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीच आता दोन्हीकडे आहे.

सरांना गिट येत नाही. गिटमध्ये काम करणारा एक आणि नोंद करणारा दुसरा अशी वेगवेगळी नावं लिहिण्याची सोय आहे, ती इथं वापरली: काम सरांच्या नावावर, नोंद माझ्या नावावर. त्याआधी त्यांना विचारलं, कारण नावासोबत ईमेल कायमचा जाहीर होतो. त्यांनी वाचनालयाचा ईमेल द्यायला सांगितला. ‘का’ची फाइल त्यांनी स्वतः लिहिली. कन्नड लिपीत खाली जागा का लागते हे तीन ओळींत, माझ्यापेक्षा सोपं.

कुलपाचं पुढे काय करायचं यावर आमचं थोडं वाजलं. सरांचं म्हणणं, मूळ कामात कुलूप नकोच, ज्याला हवं तो लावेल. ताईंचं म्हणणं, त्या एकट्या असतात, पुस्तकं देत-घेत असताना पॅनेल परत आणायला उठता येत नाही. दोघांचंही खरं. आता स्क्रिप्ट चालवताना ती विचारते: खोलीत मदतीला माणूस असतो का? उत्तराप्रमाणे कुलूप लागतं किंवा लागत नाही. कीबोर्डच्या यादीचं कुलूप मात्र कायमचं काढलं.

सध्याची स्थिती

भंगाराचा ठराव मागे घेतला गेला. सहा टेबलावरचे संगणक रोज चालतात.

नेटबुकांचं भवितव्य वेगळं आहे. मोझिलाने ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची नियमित आवृत्ती १४४ ला थांबवली आणि पुढची मदार दीर्घ मुदतीच्या १४० या आवृत्तीवर ठेवली. तीही फार काळ पुरणारी नाही. सुरक्षित ब्राउझर नसलेला संगणक फॉर्म भरायला ठेवायचा नाही हे आमचं ठरलेलं आहे, म्हणून दोन्ही नेटबुकांचं नेट आत्ताच बंद केलं. त्यांवर किविक्स, लिबरऑफिस आणि टायपिंगचा सराव एवढंच राहील.

त्यामुळे आठांना एकाच आवृत्तीवर ठेवण्याचं कारणही संपलं. टेबलावरचे सहा डेबियन १३ वर न्यायचे आहेत. त्यात एक्सएफसीई ४.२० येतं. आधी एकच संगणक नेऊन महिनाभर वाचकांना वापरायला द्यायचा, सफाईची स्क्रिप्ट खोट्या आधार फायली ठेवून तपासायची, आणि पट्टी मराठी-कन्नड दोन्ही नावांनी पाहायची. जतला पाचही संगणक ६४ बिट आहेत, म्हणून सर म्हणाले, “पहिला आमच्यातला एक करू. तुमच्याकडं गर्दी असती.” तसंच ठरलं आहे.